स्विस बंदुकीचं अर्धं सत्य

कुठे गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर. शब्द थोडेफार बदलतात, सार असं: स्वित्झर्लंडमध्ये सरकारच घरोघरी बंदूक देतं, म्हणून तिथे गुन्हे नाहीत, हिटलरचीसुद्धा तिकडे वळायची छाती झाली नाही. आपल्याला मात्र इंग्रजांनी १८७८ साली निःशस्त्र केलं, खुद्द गांधीजींनी त्याला काळं कृत्य म्हटलं, आणि आपण अजून तोच कायदा उराशी धरून बसलोय. सबब प्रत्येक सज्जनाला बंदूक द्या, गुंड सुतासारखे सरळ होतील.

आता एकेक दावा घेऊ.

सरकार घरोघरी बंदूक देतं, हा पहिला. देतं, पण सैनिकाला. स्वित्झर्लंडचं सैन्य बहुतांशी नोकरीधंदा सांभाळणाऱ्या नागरिकांचं आहे. सेवेची सक्ती फक्त पुरुष नागरिकांवर. बायकांसाठी ती ऐच्छिक, आणि देशातला जवळपास चौथा हिस्सा परदेशी रहिवाशांचा, त्यांचा यात संबंधच नाही. ज्याला हत्यार उचलायचं नाही त्याला नागरी सेवेचा पर्याय आहे. सेवेत असेपर्यंत रायफल घरी ठेवता येते, हे खरं. पण ती मालकीची नसते, लष्कराची असते. २०१० पासून ती शस्त्रागारात जमा करायचीही मुभा आहे. सेवा संपल्यावर जवळ ठेवायची तर रीतसर परवाना काढावा लागतो, नेमबाजी करत असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि देण्याआधी तिची आपोआप गोळ्या झाडत राहण्याची सोय काढून टाकतात.

मजकूर लिहिणाऱ्याने जी गोष्ट सोयीस्करपणे गाळली ती काडतुसांची. पूर्वी प्रत्येक सैनिकाला ५० काडतुसांचा सीलबंद डबा घरी मिळायचा. सील शाबूत आहे की नाही, याची तपासणी व्हायची. २००७ मध्ये हे डबे परत घ्यायचं ठरलं आणि पुढच्या काही वर्षांत ते गोळा झाले. म्हणजे आज ज्या लष्करी रायफलीचं कौतुक चाललंय, तिच्यासोबत सरकार घरी एकही गोळी देत नाही. नेमबाजीच्या सक्तीच्या सरावाला मिळणाऱ्या गोळ्या रेंजवरच वापरायच्या असतात. खासगी काडतुसं दुकानात मिळतात, तीही पात्रतेचे कागद दाखवून.

आणि बाहेर पडताना कमरेला पिस्तूल? आपल्याकडच्या बंदूकप्रेमींचं खरं स्वप्न तेच असतं. तिथे हत्यार जवळ बाळगून फिरायला वेगळा परवाना लागतो. त्यासाठी परीक्षा आहे, शिवाय नेमका धोका काय ते पटवून द्यावं लागतं. सुरक्षारक्षक वगैरे सोडले तर तो फार कोणाला मिळत नाही.

दुसरा दावा, 'म्हणून गुन्हे नाहीत'. गुन्हे कमी आहेत, यात वाद नाही. पण त्याचं श्रेय बंदुकीला द्यायचं तर अमेरिकेचं काय करायचं? जगभरातल्या बंदुकांची मोजदाद करणाऱ्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार स्वित्झर्लंडमध्ये शंभर माणसांमागे सुमारे २८ खासगी बंदुका, अमेरिकेत १२०. त्या हिशेबाने अमेरिका रामराज्य व्हायला हवी होती.

स्वित्झर्लंडमध्ये बंदुकीने माणसं मरतात, फक्त ती खुनाच्या आकड्यात दिसत नाहीत. तिथल्या बंदुकीच्या मृत्यूंपैकी बहुसंख्य आत्महत्या असतात. २००४ च्या सुमारास सैन्याचा आकार निम्म्यावर आला आणि हजारो घरांतून लष्करी रायफली बाहेर गेल्या. त्यानंतर संशोधकांनी तरुण पुरुषांच्या आत्महत्यांची आकडेवारी तपासली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आत्महत्या घटल्याचं दिसलं. बंदूक हाताशी नाही म्हणून लोक दुसरा मार्ग शोधतील, ही भीती फार थोड्या प्रमाणात खरी ठरली. वाईट रात्र निघून गेली आणि माणूस वाचला, इतकं साधं ते असतं. 'घरात बंदूक असेल तर घर सुरक्षित' म्हणणाऱ्यांनी निदान हा भाग तरी वाचावा.

सामूहिक हत्याकांड तिथे होत नाही, असंही कोणी पुढे जोडतं. २७ सप्टेंबर २००१ रोजी झुग शहरात एक माणूस थेट प्रांतिक विधिमंडळात घुसला आणि त्याने १४ जणांना मारलं. त्यानंतर स्विस लोक कायद्याबद्दल भांडत राहिले. २०११ मध्ये लष्करी हत्यारं घरातून हलवायचा प्रस्ताव त्यांनी सार्वमतात फेटाळला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण २०१९ मध्ये जवळजवळ ६४ टक्के मतदारांनी युरोपीय नियमांनुसार कायदा आणखी कडक करायला होकार दिला.

हिटलरचा मुद्दा थोडक्यात. स्वित्झर्लंडवर चढाईची जर्मन योजना होती, ती अमलात आली नाही. त्यामागे आल्प्समधली तटबंदी आणि जमवलेलं सैन्य होतं, तसंच जर्मनीचं सोनं घेणाऱ्या स्विस बँका आणि जर्मनी-इटली जोडणारा, आल्प्समधून जाणारा गोटहार्डचा रेल्वेमार्गही होता.

आता आपल्याकडे. १८७८ चा कायदा व्हाइसरॉय लिटनचा, आणि तो अपमानास्पद होताच. युरोपियनांना त्यातून सूट होती. पण तो आज लागू नाही. आपला कायदा स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५९ साली केला. गांधीजींचं वाक्यही खरं आहे, फक्त ते १९१८ च्या एका पत्रकातलं आहे. पहिल्या महायुद्धात खेड्यापाड्यांतून सैन्यभरती करताना ते म्हणत होते की हत्यार चालवायला शिकायचं असेल तर ही संधी आहे. मजकुरात नसलेली गोष्ट अशी की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला, अशी मागणी डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत केली होती. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारालाही मिळेल, आणि आग्रह धरायचाच तर देशावर संकट आल्यावर शस्त्र हाती घेण्याच्या कर्तव्याचा धरावा, असं त्यांचं म्हणणं होतं. स्विस पद्धतही मुळात हेच सांगते.

राहिला सज्जन आणि गुंड. गुंडाकडचा गावठी कट्टा परवान्याच्या रांगेतून येत नाही. तो मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या गावांत बनतो आणि जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडून महाराष्ट्रात येतो. त्याला आळा घालणं पोलिसांचं काम आहे, आपण दुकानातून पिस्तूल आणल्याने तो थांबत नाही. उलट परवान्याच्या हत्यारांनी काय केलं ते आठवा. २२ एप्रिल २००६ ला प्रमोद महाजनांवर त्यांच्याच घरात सख्ख्या भावाने झाडलेल्या गोळ्या परवान्याच्या पिस्तुलातल्या होत्या. २०२४ च्या फेब्रुवारीत दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांचा खून झाला. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर परवान्याचं होतं. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी उल्हासनगरात पोलीस ठाण्याच्या आत, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळ्या चालल्या आणि त्या प्रकरणात आमदाराला अटक झाली. तिथे तर सगळेच सज्जन आणि चहूबाजूंनी पोलीस.

या मजकुरामागच्या रागात तथ्य आहे, ते परवाना कोणाला मिळतो याबद्दल. जीवाला खरा धोका असलेला माणूस चकरा मारत राहतो, आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्या पुढाऱ्याच्या पोराकडे कागद तयार असतात. परवाना नाकारल्यास कारण लेखी नोंदवायचं आणि निर्णयावर अपील करता येतं, या तरतुदी १९५९ च्या कायद्यात आहेत. त्या नीट राबवा म्हणून कोणी फॉरवर्ड पाठवलाय, असं माझ्या तरी पाहण्यात नाही.