अंड्यावरून पेटलेला वाद

काल रात्री भुर्जीच्या गाडीवर अव्याने उकडलेलं अंडं कठड्यावर आपटलं आणि मी म्हणालो, "अंडं कुठल्या बाजूने फोडायचं यावरून 11,000 माणसं मेलीत, माहितीये?"

"कुठे?"

"लिलिपुटात." सम्राटाचा हुकूम होता की अंडं निमुळत्या टोकानेच फोडायचं. रुंद टोकवाल्यांनी जीव दिला, पण टोक बदललं नाही. उरलेसुरले पळून शेजारच्या ब्लेफुस्कूच्या आश्रयाला गेले आणि दोन राज्यांत युद्ध जुंपलं. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' या पुस्तकात लेखक जोनाथन स्विफ्टने कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडण आणि इंग्लंड-फ्रान्सचं वैर असं एका अंड्यात बसवलं.

अव्या म्हणाला, "ती बोटभर माणसांची गोष्ट ना? चौथीत वाचलीये."

हेच माझं दुखणं आहे. आपल्या हातात पडतं ते कापून छोटं केलेलं पुस्तक. लिलिपुट असतं, फार तर राक्षसांचा देश. पुढचे दोन भाग गायब. राजवाड्याला लागलेली आग पुस्तकाचा नायक गलिव्हर लघवी करून विझवतो, तेही गाळलेलं.

मास्तर इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "चौथा भाग गाळतात ते बरंच करतात. घोडे शहाणे, माणसं म्हणजे गलिच्छ याहू. घरी परतल्यावर याला बायकापोरांचा वास सहन होत नाही, रोज चार तास तबेल्यात घोड्यांशी बोलत बसतो. माणसांचा एवढा तिटकारा असणाऱ्याला थोर कशाला म्हणायचं?"

"मास्तर, तो गलिव्हर. स्विफ्ट नव्हे."

मग मी गोष्ट आयर्लंडमधल्या डब्लिनला नेली. स्विफ्ट 1713 पासून तिथल्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन, म्हणजे मुख्य धर्मगुरू. विल्यम वुड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडायचा परवाना मिळाला, आयर्लंडला न विचारता. 1724 मध्ये स्विफ्टने कापडवाल्याचं सोंग घेऊन पत्रं छापली: ही नाणी घेऊ नका. लेखकाचं नाव सांगणाऱ्याला 300 पौंडांचं बक्षीस जाहीर झालं. पत्रं कोणाची हे गावाला ठाऊक होतं, पण एकानेही तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी परवाना रद्द झाला.

1726 मध्ये 'गलिव्हर' आलं, तेही स्विफ्टच्या नावाशिवाय. तिसऱ्या भागात लापुटा हे उडतं बेट आहे. खालच्या गावाने बंड केलं की राजा बेट आणून त्याच्या डोक्यावर उभं करतो. ऊन बंद, पाऊस बंद. तरी ऐकलं नाही तर वरून दगड, आणि शेवटी बेटच खाली आणून सगळं चिरडायचं. लिंडालिनो नावाचं शहर मात्र राजाला पुरून उरतं. लोक उंच मनोरे बांधून टोकाला लोहचुंबक बसवतात, बेट खाली ओढलं जायला लागतं आणि राजाला त्यांच्या अटी मान्य कराव्या लागतात.

"लिंडालिनोत 'लिन' किती वेळा येतं?" मी विचारलं.

अव्याने बोटांवर मोजलं. "दोनदा. डबल लिन... डब्लिन!"

लिंडालिनोचा हा मजकूर 1899 पर्यंत पुस्तकात छापलाच गेला नव्हता. स्विफ्ट जाऊन तोवर दीडशे वर्षं उलटली होती. त्याने आपली पुंजी डब्लिनमध्ये मनोरुग्णांसाठी इस्पितळ बांधायला ठेवली होती. ते 1757 मध्ये उघडलं, आजही चालू आहे. माणसांचा तिटकारा असलेला माणूस हे करेल?

मास्तर हटले नाहीत. "इस्पितळाने चौथ्या भागाचा कडूपणा जात नाही."

"जात नाहीच. पण त्याच भागात पेद्रो दे मेंडेझ आहे." हा पोर्तुगीज कप्तान गलिव्हरला जहाजावर घेतो. गलिव्हर त्याला याहूच समजतो, त्याच्या वासानेही शिसारतो. कप्तान आपला सगळ्यात चांगला पोशाख पुढे करतो. माणसाच्या अंगाला लागलेलं नको म्हणून गलिव्हर तो घेत नाही, धुतलेले दोन सदरे तेवढे घेतो. तरीही कप्तान त्याला लिस्बनला स्वतःच्या घरी ठेवतो आणि समजूत घालून बायकापोरांकडे धाडतो. माणुसकीवरचा विश्वास उडालेला लेखक हा कप्तान कशाला लिहील?

गाडीवाल्याने स्टोव्ह बंद केला. मास्तर उठता उठता म्हणाले, "पूर्ण पुस्तक आहे का तुझ्याकडे? चारही भाग?"

आज सकाळी नेऊन दिलं.