निविदा नाकारली, तर कारण कधी सांगायचे?

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ठाण्यातील गायमुख ते फाउंटन हॉटेल नाका हा जुळा बोगदा आणि तेथून भाईंदरपर्यंतचा उन्नत रस्ता, अशा मिळून सुमारे 14,000 कोटी रुपयांच्या दोन कामांच्या निविदा मे 2025 च्या अखेरीस रद्द केल्या. लार्सन अँड टुब्रो या कंपनीला तांत्रिक छाननीत अपात्र ठरवण्यात आले होते, पण ते तिला कळवले गेले नव्हते. अपात्र निविदाकाराला निकाल काम दिल्यानंतरच कळवला जाईल, अशी अटच निविदेत होती. उच्च न्यायालयाने कंपनीच्या याचिका फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयात मात्र कंपनीचे देकार काम मिळण्याच्या बेतात असलेल्या स्पर्धकापेक्षा सुमारे 3,000 कोटींनी कमी असल्याचे पुढे आले, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने प्रश्न विचारले आणि प्राधिकरणाने माघार घेतली.

यावर महाराष्ट्रात झालेली चर्चा मी अमेरिकेतून वाचत होतो. ती बहुतेक दोनच बाजूंनी झाली. एका बाजूला मर्जीतल्या ठेकेदाराला काम देण्याचा आरोप होता आणि दुसऱ्या बाजूला ‘कोर्टात गेले की प्रकल्प रखडतो’ ही जुनी तक्रार. मी व्हर्जिनियात एका बांधकाम कंपनीत सरकारी कामांची अंदाजपत्रके तयार करतो, त्यामुळे मला त्या अटीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कार्यादेश निघाल्यावर कळलेल्या कारणाचा निविदाकाराला फारसा उपयोग नसतो, कारण तोवर यंत्रे जागेवर पोचलेली असतात आणि प्रत्येक न्यायाधीशासमोर ‘आता काम थांबवायचे का’ एवढाच सवाल उरतो.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कंत्राटांबाबत 1984 च्या कायद्याने ही अडचण बरीच सोडवली आहे. आपल्या कॅगशी साधर्म्य असलेले आणि काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला, उत्तरदायी असलेले गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस निविदांविरुद्धच्या हरकती ऐकते. निविदेच्या अटींविरुद्धची हरकत निविदा उघडण्यापूर्वीच नोंदवावी लागते. निकालाविरुद्धची हरकत साधारणपणे कारण कळल्यापासून 10 दिवसांत. काम बहाल झाल्यापासून 10 दिवसांच्या आत, किंवा कारणे समजावून सांगण्याच्या सक्तीच्या बैठकीपासून 5 दिवसांच्या आत, या कार्यालयाकडून हरकतीची सूचना संबंधित खात्याला पोचली की काम आपोआप थांबते. खात्याने 30 दिवसांत कागदपत्रांसह उत्तर द्यायचे आणि कार्यालयाने 100 दिवसांत निर्णय द्यायचा. काम खरोखर तातडीचे असेल तर खाते लेखी कारण देऊन ही स्थगिती बाजूला सारू शकते. कार्यालयाचा निर्णय कायद्याने शिफारसच असतो, पण ती न पाळणाऱ्या खात्याची माहिती थेट काँग्रेसला जाते, म्हणून खाती ती जवळजवळ नेहमीच पाळतात.

आमच्या कंपनीने काही वर्षांपूर्वी एका सरकारी इमारतीच्या दुरुस्तीसाठी प्रस्ताव दिला होता आणि ते काम दुसऱ्याला मिळाले. नियमाप्रमाणे आम्ही 3 दिवसांत लेखी विचारणा केली आणि खात्याच्या कंत्राट अधिकाऱ्याने आम्हाला बोलावले. टेबलावर आमच्या प्रस्तावाचे मूल्यांकन होते. कोणत्या निकषात आम्ही कमी पडलो ते परिच्छेदवार लिहिलेले होते, आणि काम मिळालेल्या कंपनीची किंमत व तिचे तांत्रिक मानांकनही त्यांनी सांगितले. जागेवर नेमायच्या मुख्य पर्यवेक्षकाचा अनुभव निविदेत मागितलेल्या प्रकारच्या इमारतीचा नव्हता, हा मुद्दा निर्णायक ठरला होता. आमच्या वकिलांनी कागद वाचून आव्हान देण्यात अर्थ नसल्याचे सांगितले आणि प्रकरण तेथेच मिटले. ज्याला कारण कळते आणि पटते, तो कोर्टाची पायरी चढत नाही. महाराष्ट्रात कारण लपवण्याचे समर्थन ‘वाद टाळण्यासाठी’ असे केले जाते. माझ्या कामातला अनुभव याच्या नेमका उलट आहे.

कारण पटले नाही आणि हरकत घेतली गेली, तर प्रतिस्पर्ध्याची गुपिते बाहेर पडतील ही भीती रास्त आहे. त्यावर येथे गोपनीयतेच्या आदेशाची तोड काढली आहे. त्या आदेशाखाली प्रतिस्पर्ध्याचा प्रस्ताव आणि मूल्यांकनाच्या नोंदी मुख्यतः बाहेरच्या वकिलांना पाहता येतात आणि त्यांना त्यातली गोपनीय माहिती आपल्या अशिलाला सांगता येत नाही.

या पद्धतीतही खोट आहे. आधीचे कंत्राट ज्याच्याकडे असते तो कधी कधी केवळ मुदतवाढ मिळावी म्हणून हरकत घेतो, कारण स्थगितीच्या काळात काम त्याच्याकडेच राहते. वकिलांची फी छोट्या कंपनीच्या आवाक्यात नसते. तरीही 2024 च्या आर्थिक वर्षात या कार्यालयाकडे 1,803 प्रकरणे आली आणि निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे 52 टक्के हरकतींत तक्रारदाराला काही ना काही दिलासा मिळाला, तोही बहुतांशी खात्याने स्वतःच चूक दुरुस्त केल्यामुळे. तो आकडा मला फार बोलका वाटतो. निम्म्या तक्रारींत तथ्य निघत असेल, तर तक्रार करणाऱ्याला विकासाचा शत्रू ठरवणे अन्यायाचे आहे.

भारतात तत्त्वांची वाण नाही. सरकारने स्वतःच घातलेल्या अटी स्वतः मोडू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये सांगितले, आणि तो खटला मुंबईच्याच विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेचा होता. पण सर्वोच्च न्यायालयाच्याच 1994 च्या टाटा सेल्युलर निकालापासून न्यायालये निर्णयापेक्षा निर्णयप्रक्रियाच तपासतात. करारांच्या अंमलबजावणीबाबतच्या ‘स्पेसिफिक रिलीफ’ कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीने पायाभूत प्रकल्पांना मनाई हुकूम देण्यावर बंधन आले आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कामांना स्थगिती देण्याऐवजी नुकसानभरपाईचा मार्ग सुचवला. न्यायालयांचा हा संयम मला पटतो. बोगद्याच्या तांत्रिक निकषांचा कीस पाडणे हे न्यायमूर्तींचे काम नव्हे. मात्र न्यायालयाने हात आखडता घ्यायचा तर ती छाननी करणारी दुसरी जागा हवी, आणि तीच महाराष्ट्रात नाही. केंद्राचे सार्वजनिक खरेदी विधेयक 2012 मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि पुढे बारगळले. तमिळनाडूने 1998 मध्ये, कर्नाटकाने 1999 मध्ये आणि राजस्थानने 2012 मध्ये अपिलाची तरतूद असलेले निविदा कायदे केले. महाराष्ट्राचा कारभार शासन निर्णयांवर चालतो, आणि कार्यकारी अभियंत्याच्या निर्णयाविरुद्ध दाद त्याच खात्याच्या वरिष्ठाकडे मागावी लागते.

व्हर्जिनिया राज्याच्या कायद्यातही पहिली हरकत त्याच खात्याकडे न्यावी लागते. पण त्यासाठी 10 दिवस, खात्याच्या लेखी उत्तराला 10 दिवस आणि कोर्टात जायला 10 दिवस, असा हिशेब ठरलेला आहे. महाराष्ट्राने निदान एवढे तरी करावे: वित्तीय, म्हणजे किमतीचे, लिफाफे उघडण्यापूर्वी प्रत्येक अपात्र निविदाकाराला सकारण लेखी निर्णय द्यावा, त्यावर हरकत घ्यायला 10 दिवस ठेवावेत, ती खात्याबाहेरच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत ऐकावी आणि तोवर कार्यादेश काढू नये. निराधार हरकतींना आळा घालायला अनामत रक्कम ठेवता येईल. मात्र ती इतकी जबर नसावी, की तालुक्यातल्या रस्त्याच्या 40 लाखांच्या कामावर हक्क सांगणाऱ्या लहान ठेकेदाराला तोंडच उघडता येऊ नये.