‘चोथा पोटाचा शत्रू’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

चवथ (गणेशचतुर्थी) संपल्यापासून हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला. तुमच्याकडेही आला असेल. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फायबर म्हणजे चोथा. तो माणसाला पचत नाही, म्हणून त्याची गरजही नाही. बद्धकोष्ठ त्यानेच होते, आणि तसे संशोधनच झाले आहे. अन्नातले लोह चोथा अडवून धरतो. गोव्यातले आपले पूर्वज शीत आणि नुस्ते, म्हणजे भात आणि मासळी, खाऊन ठणठणीत जगले. मधुमेह्यांनी भाज्या-कडधान्ये सोडून मासे, अंडी, तूप खावे. आणि एवढे करूनही पोट साफ झाले नाही तर चमचाभर पावडर पुरे.

मी दुर्लक्ष केले असते. पण गेल्या महिन्यात डिचोलीला आईकडे गेले तेव्हा परसातली तांबडी भाजी जून होऊन तुऱ्यावर आलेली दिसली. आई भाजी कधी जून होऊ देत नाही. विचारले तर म्हणाली, “चोथाच तो. दादानं पाठवलंय ना ग्रुपवर.” दादा म्हणजे माझा मामा. आई 74 वर्षांची, बारा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेणारी. तीन आठवडे तिने भाजी, मूग, अळसांदे (चवळी) सगळे बंद केले होते. चार दिवस पोट साफ झाले नव्हते, आणि लाजेने तिने कोणाला सांगितलेही नव्हते. मी फोंड्याला शाळेत विज्ञान शिकवते. हा मेसेज माझ्याच घरात शिरून आईच्या ताटातले काढून घेतो आणि मला पत्ता नसतो, हे मला फार लागले. म्हणून मामाला जे लिहिले तेच इथेही लिहिते आहे.

“पचत नाही, म्हणून गरज नाही.” यातले पहिले वाक्य खरे आहे. आपल्या पाचक रसांना चोथ्यातले तंतू फोडता येत नाहीत. पण त्याचे काम त्याच्या न पचण्यामुळेच सुरू होते. लहान आतड्यातून तो अख्खा मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथल्या अब्जावधी जिवाणूंना खायला मिळतो. ते त्यातला बराचसा भाग आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा या ब्युटिरेटमधून घेतात. म्हणजे तुम्ही भाजी सोडता तेव्हा तुमच्याच आतड्याचे अस्तर उपाशी राहते.

शिवाय सगळा चोथा एकसारखा नसतो. ओट्स, इसबगोल, भेंडी यांतला तंतू पाण्यात बुळबुळीत होतो. हा बुळबुळीतपणा पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. मग नवे पित्त करायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या तंतूचे दिवसाला 3 ग्रॅमसुद्धा त्यासाठी उपयोगी पडतात. गव्हाचा कोंडा फारसा आंबत नाही, तो पाणी धरतो आणि मळाला फुगीर, मऊ करतो.

एक गोष्ट मी मान्य करते. ‘क’ जीवनसत्त्व बंद केले की स्कर्व्ही होतो, तसा फायबर बंद केल्यावर ठरलेला एखादा रोग होत नाही. मेसेजवाल्याने ‘गरज शून्य’ हे बहुधा यावरूनच काढले. पण 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 185 दीर्घकालीन पाहण्या आणि 58 चाचण्या एकत्र तपासून निष्कर्ष मांडले गेले. सर्वांत कमी फायबर खाणाऱ्यांपेक्षा भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात, टाइप-2 मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि एकूण मृत्यू यांचे प्रमाण 15 ते 30 टक्क्यांनी कमी दिसले. पाहण्यांतून कारण सिद्ध होत नाही, असे कोणी म्हणेल. बरोबर. म्हणून तर लोकांचा आहार मुद्दाम बदलून केलेल्या चाचण्याही पाहिल्या गेल्या, आणि त्यांत वजन, कोलेस्टेरॉल व वरचा रक्तदाब उतरलेला दिसला.

“बद्धकोष्ठ फायबरनेच होते, संशोधन आहे.” आहे, 2012 सालचे, सिंगापूरचे. फक्त 63 रुग्णांवरचे. हे सगळे आधीच बद्धकोष्ठाने त्रस्त असलेले लोक होते. त्यांना फायबर बंद किंवा कमी करायला सांगितले आणि बंद करणाऱ्यांना आराम पडला. तुलनेसाठी चिठ्ठ्या टाकून निवडलेला दुसरा गट नव्हता. ज्यांचे आतडेच मंद चालते, अशांना चोथा वाढवल्यावर पोट जास्त गच्च होते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. पण त्या 63 जणांचे औषध घरोघर वाटायचे नसते. माझ्या आईला ते लागू नव्हते, आणि ते तिला कोणी सांगितले नाही.

“लोह अडवतो.” लोह आणि जस्त अडवते ते मुख्यतः फायटेट नावाचे द्रव्य, आणि ते धान्या-कडधान्यांच्या सालात चोथ्याबरोबर असते. त्याला उतारा आपल्या स्वयंपाकघरात आहेच. आई मूग रात्री भिजत घालते, सकाळी उपसून ओल्या पंच्यात घट्ट बांधते, वर पाटा ठेवते. दुसऱ्या दिवशी गाठोडे सोडले की नखाएवढे मोड एकमेकांत गुंतलेले असतात आणि कच्च्या शेंगेसारखा वास येतो. मोड येताना दाण्यातले फायटेझ हे विकर (एन्झाइम) जागे होते आणि फायटेट फोडू लागते. त्या मोडाच्या मुगांच्या मुगागाठींवर लिंबू पिळले तर ‘क’ जीवनसत्त्वाने लोह आणखी चांगले शोषले जाते.

आता मला सर्वांत जास्त खटकलेला मुद्दा. “पूर्वज शीत आणि नुस्ते खाऊन जगले.” कोणते शीत? नुस्त्यात चोथा शून्य, हे खरे. पण त्याखालचा भात उकडा होता. भात सालासकट उकडायचा, अंगणात वाळवायचा, मग व्हायनात (उखळात) मुसळाने कांडायचा. कोंडा पुरता जात नसे, तांदळाच्या अंगावर तांबूस रेघा राहत. खाजनातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या शेतातल्या, कोरगुट या जातीचा तांदूळ तर मुळातच लाल. न्याहारीला त्याची पेज, कधी नाचणीचे सत्त्व नव्हे तर अख्ख्या पिठाची आंबील. दुपारी कुळथाचे सार किंवा अळसांद्याचे तोणाक. सोमवारी आणि श्रावणात नुस्ते नसायचेच. चवथीच्या खतखत्यात सुरण, कणगां, नीरफणस, शेंगा आणि वर तिरफळाचा वास. त्या ताटात चोथा कुठे होता असे विचारणाऱ्याने ताटच पाहिलेले नाही. मासळीचा तुकडा एक असायचा आणि माणसे आठ. मला ते दिवस परत आणायचे नाहीत, त्यात उपासमारही होती. पण पूर्वजांच्या नावाने खोटे सांगू नका.

बदलले ते आपले ताट. पोयच घ्या, म्हणजे आपला गोव्याचा गोल पाव. पूर्वी ती कोंड्याच्या कणकेची, तपकिरी असायची. परवा पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकून दोन घेतल्या. वरून कोंडा भुरभुरलेला, हाताला खरखरीत. फोडली तर आत पावासारखी पांढरी. गव्हाच्या अख्ख्या पिठात 100 ग्रॅमला सुमारे 11 ग्रॅम फायबर असते, मैद्यात तीनहून कमी. त्या पोयीचा कोंडा माझ्या बोटांना लागला, पोटात गेला मैदा.

“मधुमेह्यांनी भाज्या-कडधान्ये सोडावीत.” हा सल्ला गोव्यात देताना तर हात थरथरायला हवा. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्याचे, 26.4 टक्के. म्हणजे चारांत एक. याला एकटे फायबर कारणीभूत असे मी म्हणणार नाही. वय, वजन, बैठे काम, घराणे, सगळेच येते. पण बुळबुळीत तंतू जठरातून अन्न सावकाश सोडतो आणि साखर रक्तात एकदम उसळू देत नाही, हे मधुमेह्याच्या रोजच्या कामाचे आहे. मासे, अंडी खुशाल खा. त्यांच्या बाजूला भाजीही हवी.

“नाहीतर पावडर घ्या.” इसबगोल चांगले औषध आहे, डॉक्टरही देतात. पण अळसांद्यात तंतूंबरोबर प्रथिने येतात, फोलेट हे ‘ब’ गटातले जीवनसत्त्व येते. पावडरीत ते नाही. दिवसाला साधारण 30 ग्रॅम फायबर असावे असे आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, 2000 कॅलरींच्या आहाराला. हिशेब करून पाहिला. पन्नास ग्रॅम नाचणीचे पाच-साडेपाच, पन्नास ग्रॅम अळसांद्यांचे तेवढेच, वाडगाभर तांबड्या भाजीचे चार, एका पेरूचे सहा-सात. उरलेले उकड्या भातातून, ओल्या नारळातून आणि इतर भाजीतून सहज निघते.

ज्यांचे आतडे अरुंद झाले आहे, आतड्याला सूज आहे, नुकती शस्त्रक्रिया झाली आहे किंवा कोलोनोस्कोपी व्हायची आहे, त्यांनी डॉक्टर सांगतील तेच करावे. बाकीच्यांनीही एकदम ताटभर चोथा सुरू करू नये. गॅस होतो, पोट फुगते, आणि मग मेसेजच खरा वाटू लागतो. आईला आम्ही पहिल्या आठवड्यात अर्धी वाटी भाजी दिली, दुसऱ्या आठवड्यात वाटीभर, आणि पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी भरून ठेवला. दहाव्या दिवशी तिने आपणहून फोन केला आणि पोटाचे काही न सांगता मूग भिजत घातल्याचे सांगितले. तुऱ्यावर आलेली भाजी तिने उपटली नाही, बियाला ठेवली आहे. मामालाही त्यातले थोडे बी देणार आहे म्हणाली.