व्होल्ट नंतर बघा, आधी ब्लेडची धार बघा

बॅटरीवरचा सेल्फ-प्रोपेल्ड लॉनमोवर, म्हणजे स्वतःच पुढे सरकणारं गवत कापायचं मशीन, घ्यावं का, असं कुणी ना कुणी विचारत असतं. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच, "किती व्होल्टचा घेऊ?" माझं मत आधीच सांगते. घराभोवती बेताचं लॉन असेल तर जरूर घ्या. पण व्होल्टच्या आकड्याला भुलू नका.

डब्यावर ठळक छापलेले 40 किंवा 56 व्होल्ट हा बहुतेक वेळा बॅटरी पूर्ण भरलेली असतानाचा आकडा असतो. प्रत्यक्ष कामात तोच साधारण 36 आणि 50 च्या आसपास येतो. बॅटरीत नेमकं किती साठलंय हे बघायचं असेल तर या कामातल्या व्होल्टला अँपिअर-अवरने (बॅटरीवरचा 'Ah' चा आकडा) गुणा, वॅट-अवर मिळतात. डब्यावर 40 असलेली, म्हणजे 36 व्होल्ट, 7.5 अँपिअर-अवर म्हणजे 270 वॅट-अवर. डब्यावर 56 असलेली, म्हणजे 50 व्होल्ट, 5 अँपिअर-अवर म्हणजे 250. म्हणजे 'छोट्या' व्होल्टच्या बॅटरीत जास्त साठा आहे! दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

आता पेट्रोलवाल्यांचा मुद्दा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9,000 वॅट-अवर ऊर्जा असते. छोट्या इंजिनात तिचा मोठा भाग नुसत्या उष्णतेत जातो, तरी उरलेलीही बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे आवार मोठं असेल आणि गवत गुडघ्यापर्यंत वाढल्यावरच कापायची सवय असेल, तर पेट्रोलचं मशीन घ्या, मी अडवणार नाही. बॅटरीच्या मशीनला थोडं थोडं आणि वारंवार कापणं मानवतं. गवतालाही तेच मानवतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये हा बागकामातला जुना नियम आहे. तो पाळला तर कापलेला बारीक चुरा तिथेच कुजून खत होतो, पिशवी लावायची गरज पडत नाही आणि बॅटरीही पुरते.

"बॅटरी पुरत नाही" ही तक्रार ऐकली की मी आधी विचारते, ब्लेडला धार कधी लावली होती? गवत कापल्यावर दुसऱ्या दिवशी खाली वाकून एखादी पात जवळून बघा. ब्लेड धारदार असेल तर टोक सरळ कापलेलं आणि हिरवं दिसतं. बोथट ब्लेडने तेच टोक ओरबाडल्यासारखं होतं, पांढुरके धागे लोंबतात आणि मग ते तपकिरी पडतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, लॉनला पाणी कमी पडतंय. इकडे मोटरवर ताण येतो, फेरे टिकवायला ती जास्त करंट ओढते आणि बॅटरी झरझर उतरते. ओलं गवतही असाच त्रास देतं, ब्लेडवरच्या झाकणाला आतून चिकटून बसतं.

सेल्फ-प्रोपेल्डमध्ये चाकं फिरवायचं काम मशीनच करतं, त्यासाठी बहुधा वेगळी मोटर असते. ही चैन आहे असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. माझी आई सत्तरी ओलांडलेली आहे. तिला मशीन ढकलणं जमत नव्हतं, पण आपल्या चालीइतका वेग लावून त्याच्या मागे चालणं जमतं. दोरी ओढायची नाही, पेट्रोलचा वास नाही, कानठळ्या नाहीत. लॉन पुन्हा तिचं झालं, आणि मला या यंत्रात सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर हेच. मात्र दाट गवतात वेग कमी करा आणि वळताना चाकांचा खटका सोडा. उतारावर वर-खाली न जाता आडवं चाला, पाय घसरला तरी तो मशीनखाली जायचा धोका कमी होतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. हे मशीन थांबलं की अगदी शांत असतं, म्हणून ते बंदच आहे असं वाटतं. अडकलेलं गवत काढायला खाली हात घालण्याआधी बॅटरी बाहेर काढा, किल्ली असेल तर तीही. घरात मुलं असतील तर ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

बॅटरी तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावू नका, आधी थंड होऊ द्या. काही महिने वापर नसेल तर ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून सावलीच्या, कोरड्या जागी ठेवा.

राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. उद्या कंपनीने ती मालिकाच बंद केली तर ब्लेड, मोटर, चाकं सगळं ठणठणीत असूनही मशीन भंगारात जाणार. युरोपियन युनियनने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या मोबाइलना टाइप-सी पोर्ट बंधनकारक केलं. मग बागेच्या यंत्रांच्या बॅटऱ्यांना एकच खाच का असू नये? काही कंपन्या आपसांत बॅटरी वाटून घेतात, म्हणजे तांत्रिक अडचण नाही, इच्छेचा प्रश्न आहे. तोवर मशीन घेताना दुकानदाराला थेट विचारा : हीच बॅटरी आणखी कशाकशाला चालते, आणि सुटी मिळते का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं मशीन बघा.