बोगद्याआधी काठाचा विचार

येत्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तीन कुटुंबे मिळून इंग्लंडमधील केनेट अँड एव्हन कालव्यावर दोन नॅरोबोटी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या लांब अरुंद होड्या, भाड्याने घेणार आहोत. एकूण अकरा माणसे आहेत. त्यांत तीन शाळकरी मुले आणि पुण्याहून येणारे माझे आई-बाबा. बाबा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. कालवा म्हटला की त्यांच्या मनात आधी आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, येते, मग गळती, आणि मग टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचले की नाही हा प्रश्न. सहलीचा आराखडा मी त्यांना फोनवर वाचून दाखवला तेव्हा त्यांनी पहिली चौकशी केली ती अंतराची. आठवडाभरात आम्ही जाऊन-येऊन जेमतेम साठ किलोमीटर जाणार आहोत, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला जावे एवढेच, हे ऐकून ते काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, "एवढ्यासाठी कालव्यात पाणी भरून ठेवायचे? इथे आम्ही कालवाच झाकायला निघालो आहोत."

खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंतचा नवा मुठा उजवा कालवा बंद करून त्याऐवजी सुमारे २८ किलोमीटरचा बोगदा खणण्याच्या प्रस्तावाविषयी ते बोलत होते. गळती, बाष्पीभवन आणि वाटेत होणारी पाणीचोरी थांबेल, वाचलेले पाणी खाली शेतीला मिळेल आणि शहरातून जाणारी कालव्याची जागा मोकळी होईल, अशी त्यामागची मांडणी आहे. ही जागा रस्त्यांसाठी वापरावी, असेही त्या चर्चेत सांगितले जाते. बाबा बोगद्याच्या बाजूचे आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला हलके वाटत नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ याच कालव्याची भिंत फुटून वस्तीतील घरांत पाणी शिरले, तेव्हा ज्यांचा संसार वाहून गेला त्यांच्यापुढे काठाच्या सौंदर्याविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. शिवाय पुण्याची गळती म्हणजे दौंड-इंदापूरच्या वाट्याचे पाणी, हे त्यांनी नोकरीभर पाहिले आहे.

तरीही गेले दोन महिने सहलीची आखणी करताना जे हाताशी येत गेले, त्यामुळे या प्रश्नाची एक बाजू आपल्या चर्चेत मोजलीच जात नाही, असे माझे मत अधिकाधिक पक्के होत गेले.

मी राहते ते स्विंडन हे ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यांभोवती वाढलेले गाव. याच कंपनीने १८५२ मध्ये केनेट अँड एव्हन कालवा विकत घेतला. जॉन रेनी या अभियंत्याने आखलेला हा जलमार्ग १८१० मध्ये पूर्ण झाला होता. केनेट आणि एव्हन या दोन नद्यांना जोडून त्याने रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत, म्हणजे सुमारे ८७ मैल, आणि पुढे थेम्स नदीवाटे लंडनपर्यंत, होड्यांसाठी सलग रस्ता तयार केला. पण १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल लोहमार्ग सुरू झाला आणि कालव्यावरचा माल गाड्यांकडे गेला. रेल्वे कंपनीला कालवा नीट ठेवण्यात रस नव्हता. पुढच्या शंभर वर्षांत होड्यांना वर-खाली नेणाऱ्या लॉकची दारे कुजली, तळ गळू लागला, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला शेवटपासून शेवटपर्यंत होडीने जाणे अशक्य झाले. तेव्हा तो कायमचा बंद करावा असे म्हणणाऱ्यांची कारणे आज पुण्यात ऐकू येतात तशीच होती: खर्च जास्त, उपयोग शून्य, आणि जागा दुसऱ्या कामाला येईल.

त्याविरुद्ध १९५६ मध्ये सुमारे वीस हजार सह्यांचे निवेदन तयार झाले आणि ते पाण्याच्या वाटेने लंडनला पोहोचवण्यात आले. १९६२ मध्ये कालव्यासाठी न्यास स्थापन झाला. त्यानंतरची जवळजवळ तीन दशके माणसांनी सुट्टीच्या दिवशी गाळ उपसला, विटा बसवल्या, जत्रा भरवून पैसे जमवले, आणि ८ ऑगस्ट १९९० रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला. ही माणसे तिथे आली कुठून? माझ्या समजुतीप्रमाणे ती काठावरून आली. होड्या थांबल्या तरी, एके काळी घोडे ज्या वाटेवरून होड्या ओढत असत ती कालव्याकाठची वाट उरली होती. त्या वाटेवर चालणारे, गळ टाकून बसणारे, कुत्र्याला फिरवणारे लोक रोज कालव्याचे मरण पाहत होते. ज्या पाण्यापाशी कुणी जात नाही, त्याच्यासाठी वीस हजार सह्या जमत नाहीत.

आमच्या आराखड्यात त्या वाटेला म्हणूनच मोठे स्थान आहे. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथून होड्या घ्यायच्या आणि पहिले दोन-तीन दिवस बाथच्या दिशेने जाऊन परतायचे, असे ठरले आहे, कारण ब्रॅडफर्डच्या लॉकच्या खालपासून बाथच्या वरच्या लॉकपर्यंतच्या सुमारे नऊ मैलांत एकही लॉक नाही. नवशिक्यांना सुकाणू हाती धरण्याचा सराव इथे होतो. वाटेत ॲव्हनक्लिफ आणि डंडस येथे कालवा दगडी पुलांवरून एव्हन नदी ओलांडतो, म्हणजे खाली नदी, वर कालवा, आणि कालव्यात आपली होडी. ज्यांना बसून कंटाळा येईल त्यांनी उतरून काठाने चालायचे. वेगमर्यादा ताशी चार मैलांची आहे आणि प्रत्यक्षात होड्या त्याहूनही हळू जातात, त्यामुळे चालणारा माणूस मागे पडत नाही. नांगरून ठेवलेल्या होड्यांजवळून जाताना तर आणखी हळू जायचे असते, नाहीतर त्यांचे दोर ताणले जाऊन खुंटे उपटतात. इथे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, पण कालव्यावर समोरून होडी आली की आपण उजवीकडे व्हायचे, हे मी सगळ्यांना आतापासूनच सांगून ठेवले आहे. रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात इंजिन चालू ठेवायचे नाही. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त प्रवास ठेवायचा नाही, हा मात्र आमचा स्वतःचा नियम. पहिल्या आराखड्यात मी सात-सात तास धरले होते; आईने विचारले, मग चहा कधी करायचा, आणि तिचे बरोबर होते.

उरलेले दिवस उलट दिशेला, डिव्हायझेसच्या बाजूला. तिकडे सेमिंग्टन आणि सीन्ड येथे मिळून सात लॉक आहेत. लॉक म्हणजे पाण्याचा जिना: होडी दोन दारांमधल्या दगडी हौदात घ्यायची, मागचे दार लावायचे, हाताच्या हँडलने वरची झडप उघडून पाणी आत सोडायचे, आणि पातळी समान झाली की वरचे दार ढकलायचे. हे काम प्रवासी स्वतः करतात. या कालव्याचे लॉक रुंद असल्यामुळे दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात, आणि म्हणूनच आम्ही एका मोठ्या होडीऐवजी दोन लहान होड्या घेण्याचे ठरवले. दोन्ही होड्यांतली माणसे मिळून दारे ढकलतील, आणि एका भरणीत दोघी वर जातील. एका भरणीला दोन लाख लिटरांच्या आसपास पाणी लागते, त्यामुळे जोडीने जाणे हा इथे नुसता शिष्टाचार नाही. खाली उतरताना होडीचा मागचा भाग दाराजवळच्या उंबऱ्यावर अडकू नये म्हणून भिंतीवर पांढरी रेघ आखलेली असते. त्या रेघेच्या पुढे राहण्यासाठी एकाने फक्त तेवढेच पाहायचे, गप्पा मारायच्या नाहीत, असेही ठरले आहे. होडी भाड्याने घेण्यास परवाना लागत नाही. मात्र निघण्यापूर्वी देणारा माणूस सगळे करून दाखवतो आणि तरंगती जाकिटे पुरवतो.

या शेवटच्या गोष्टीवर मला थोडे थांबावेसे वाटते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या होडीतले लोक सहलीला निघाले नव्हते; एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जाण्याचा तो त्यांचा नेहमीचा मार्ग होता. त्याच काळात आपल्याकडे पाण्यावरच्या पर्यटनाची चर्चा मोठ्या आकड्यांत होत होती आणि अजूनही होते. २०१६ च्या कायद्याने देशातील १११ मार्ग राष्ट्रीय जलमार्ग ठरले. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला ५१ दिवसांत जाणारी आलिशान गंगाविलास नौका निघाली. तिला माझा विरोध नाही. पण उजनीच्या होडीत बसणाऱ्या माणसाला अंगाला बसणारे जाकीट आणि हवामान पाहून फेरी थांबवणारा जबाबदार माणूस मिळणे हे जलपर्यटनाचे पहिले पान आहे, आणि ते आपण उलटून पुढे गेलो आहोत, असे मला दुरून दिसते. लहान होडी, कमी वेग आणि शिकवलेले प्रवासी यांना मागास समजण्याचे कारण नाही.

इथले सगळे आलबेल आहे, असे मात्र कुणी समजू नये. १ जानेवारी २०२५ रोजी अतिवृष्टीत इंग्लंडमधील ब्रिजवॉटर कालव्याचा भराव डनम मॅसीजवळ फुटला. १७६१ पासूनचा अनुभव पाठीशी असलेला कालवासुद्धा फुटतो. त्याच वर्षीच्या कोरड्या उन्हाळ्यात अनेक कालव्यांवरची वाहतूक पाण्याअभावी थांबवावी लागली. २०१२ पासून बहुतेक कालवे एका धर्मादाय न्यासाकडे आहेत, आणि त्याला मिळणारे सरकारी अनुदान २०२७ पासून घटत जाणार आहे. ब्रॅडफर्डच्या परिसरात घरभाडे न परवडणारी कितीतरी माणसे होडीतच राहतात. कायमचा थांबा नसेल तर साधारणपणे दर चौदा दिवसांनी त्यांना होडी हलवावी लागते, मग मुलांची शाळा कुठेही असो. आम्ही हौसेने ज्या वाटेने जाणार, ती त्यांच्या अंगणातून जाते, याचे भान आखणी करताना ठेवले आहे.

मुठा कालव्यात नॅरोबोटी सोडाव्यात, असे मी सुचवत नाही. तो सिंचनाचा आणि पिण्याच्या पाण्याचा कालवा आहे. त्याला ओढ आहे, उतरत्या गुळगुळीत भिंती आहेत, आत पडलेल्याला बाहेर येणे कठीण. इथला कालवा जवळजवळ स्थिर पाण्याचा, होड्यांसाठीच बांधलेला. दोघांची तुलना पाण्यावर होऊच शकत नाही, आणि बाबांशी वाद घालताना माझी पहिली चूक तीच होती. तुलना व्हायला हवी ती काठाची. शहराच्या मधून किलोमीटरच्या किलोमीटर जाणारी, चढ-उतार नसलेली, सार्वजनिक मालकीची सलग पट्टी पुण्याला पुन्हा मिळणार नाही. बोगदा झाला आणि त्या पट्टीवर मोटारींचा रस्ता झाला, तर काही वर्षांत तो इतर रस्त्यांसारखाच भरून जाईल. तीच पट्टी चालणाऱ्यांसाठी, सायकलींसाठी, झाडांसाठी आणि पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या उथळ पाटासाठी राखली, तर बाबांना हवे ते पाणीही वाचेल आणि काठही उरेल. बोगद्याच्या प्रस्तावासोबत वरच्या जमिनीचा निर्णय त्याच दिवशी, लेखी आणि लोकांसमोर व्हावा, एवढी माझी मागणी आहे. जमीन आधी मोकळी करून नंतर विचार करू म्हटले की त्या जमिनीचे काय होते, हे पुणेकरांना मी सांगायला नको.

बाबा अजून पूर्णपणे पटलेले नाहीत. वाटेवर अतिक्रमण होईल, रस्त्यावर निदान होत नाही, असे ते म्हणतात, आणि याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. मात्र केन हिलचे आकडे पाठवल्यापासून त्यांचे फोन वाढले आहेत. डिव्हायझेसच्या त्या टेकडीवर कालवा दोन मैलांत २९ लॉक चढून सुमारे ७२ मीटर वर जातो, त्यांपैकी १६ लॉक एका सरळ रेषेत आहेत, आणि प्रत्येक लॉकमागून पाणी खाली जात असल्यामुळे १९९६ मध्ये पायथ्याशी पंप बसवून ते पुन्हा वर नेण्याची सोय केली गेली. दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख लिटर. त्यांनी पंपाची अश्वशक्ती विचारली, पाइपाचा व्यास विचारला, आणि वीज बिल कोण भरते तेही विचारले.

होड्या घेऊन ते सगळे लॉक चढायला पाच-सहा तास लागतात आणि परत येणे वेगळेच, म्हणून तो बेत आम्ही रद्द केला आहे. फॉक्सहँगर्सला पायथ्याशी होड्या बांधून एक पूर्ण दिवस मोकळा ठेवला आहे. मुले वरपर्यंत धावत जातील, आई मधल्या एखाद्या दाराच्या लाकडी दांड्यावर बसेल. बाबांनी त्या दिवसासाठी मोजपट्टी आणायची का, असे विचारले आहे; आणा, असे मी कळवले आहे.