एमएस्सीआधी लॅब बघून या
'बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केली की फार्मा कंपनीत नोकरी पक्की' हे एका लेखातलं विधान मला पटलं नाही. क्यूसीच्या, म्हणजे औषधांचा दर्जा तपासणाऱ्या विभागाच्या, मुलाखतीत विचारतातच, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) स्वतः चालवलंय का? मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारा द्रव) बनवून, गाळून, डीगॅस करून म्हणजे त्यातली हवा काढून, काम झाल्यावर कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) धुऊन ठेवणारी मुलं दोन वाक्यांत ओळखू येतात. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजची लॅब बघाच. यंत्र नुसतं झाकून ठेवलेलं दिसलं तर दुसरं कॉलेज शोधा. संशोधनाची ओढ असेल तर रोगजंतू आणि लशींवर काम करणारं परळचं हाफकिन, कर्करोगावर संशोधन करणारं खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, मूलभूत विज्ञानाचं कुलाब्याचं टीआयएफआर आपल्या मुंबईच्या पट्ट्यातच आहेत. सीएसआयआर नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (पीएचडीसाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये, घरभाडं वेगळं. मात्र त्या परीक्षेचा पेपर नुसत्या बायोकेमिस्ट्रीचा नाही, अख्ख्या लाइफ सायन्सेसचा असतो, इकॉलॉजीसकट. अभ्यास पहिल्या वर्षापासूनच धरा.