हीथक्लिफचं बेणं काढणाऱ्यांसाठी

आज जळगावात आमच्या वाचनकट्ट्यावर एका निवृत्त प्राध्यापकांनी 'वदरिंग हाइट्स' या इंग्रजी कादंबरीच्या नायकाचा, हीथक्लिफचा निकालच लावून टाकला. "त्याचं बेणंच वाईट." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घरी येऊन भांडी आपटली, आता इथे लिहितेय.

सर, तुम्ही रावेरकडचे. केळीवाल्याने बेण्याला दोष द्यावा? एकाच बेण्याच्या दोन बागा बघा, जिचं पाणी तोडलं तिचा घड बघा, मग बोला.

हीथक्लिफ म्हणजे लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेलं, एका म्हाताऱ्या जमीनदाराने घरी आणलेलं पोर. काळंसावळं, त्याची भाषा कुणाला कळेना. कथेच्या काळात लिव्हरपूल म्हणजे गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर. एमिली ब्रॉन्टेने १८४७ साली छापलेल्या या पुस्तकात तो मूळचा कोण ते शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. कुणी त्याला जिप्सी म्हणतं, कुणी लास्कर, म्हणजे हिंदुस्थानकडचा खलाशी. घरातली मोलकरीण नेली त्याची समजूत काढताना म्हणते, तुझा बाप चीनचा बादशहा असेल, आई हिंदुस्थानची राणी. नाव दिलं तेही घरातल्या मेलेल्या मुलाचं. म्हातारा गेला, त्याचा मुलगा हिंडली मालक झाला आणि पहिलं काय केलं? याचं शिक्षण बंद, शेतावर गड्यांबरोबर कामाला.

शिरपूरकडे माझ्या मामाच्या घरी सालदाराचा पोरगा होता, भिल्लाचा. सगळे त्याला काळ्या म्हणायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिंबावर चढून आम्हा पोरींचा झोका त्यानेच बांधला. दोर धरतोय का बघायला जरा टेकला, तर मामाने दंड धरून ओढला. "ऊठ रे, तुनं काय काम शे आठे?" तो हसला. रडला असता तर मी कदाचित विसरले असते. त्याच आखाजीला बापाचं नवं साल ठरलं, त्यात पोरगाही धरला. शाळा सुटली.

आता तो मुकादम आहे. उसतोडीला गुजरातेत टोळ्या नेतो, पक्कं घर आहे, पिकअप आहे. मध्यंतरी दिसला तेव्हा गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या एका पोराला खाली ओढत होता. दंड धरायची पद्धत मामाची. वाक्यही मामाचंच.

हीथक्लिफ दुसरं काय करतो? हिंडलीचं घर गहाणात घशात घालतो आणि त्याच्या पोराला, हॅरेटनला, अडाणी ठेवतो. दारावर त्या पोराचंच नाव कोरलेलं, १५०० सालचं, आणि त्याला ते वाचता येत नाही! हा छळ त्याने पोटातून आणला नव्हता, त्याच घरात शिकला.

बरं, मार खाल्लेला प्रत्येक जण असा होत नाही, हॅरेटनही नाही झाला. मान्य. बायकोचे, इझाबेलाचे, हीथक्लिफने हाल केले, त्याला माफी नाही, तेही मान्य. (आणि हीथक्लिफचं 'अमर प्रेम' म्हणून रील टाकणाऱ्या बायांनो, तुमच्याशी नंतर बोलते.)

मामाही काही राक्षस नव्हता. मला खांद्यावर बसवून त्याने जत्रा दाखवलीय. आजोबांनी त्याला बैलाच्या चाबकाने फोडलेलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणून मामा चिडला की आजी म्हणायची, त्यानं लहानपणी फार सोसलंय. हिंडलीचंही तेच. बापाने त्याला सोडून आणलेल्या पोराला जवळ केलं, पुढे बायको गेली, म्हणून बिचारा दारूत बुडाला. वाचक हळहळतात.

पण हे हळहळणं काळ्याच्या वाट्याला का येत नाही हो? मालकाचा पोरगा बिघडला की दुःखाने, आणि सालदाराचा बिघडला की रक्ताने? आज कट्ट्यावर हिंडलीसाठी तीन जण बोलले, हीथक्लिफसाठी एकही नाही. आणि हे सगळे स्वतःला पुरोगामी म्हणवतात.

मामेभावांनो, ही पोस्ट तुम्हाला दिसणार हे मला माहीत आहे. "पप्पांनी त्याच्या बापाचं किती केलं" असं कमेंटमध्ये लिहिण्याआधी त्या पोराचं खरं नाव लिहा. येत नसेल तर लाईक करून पुढे जा.